मदिनेच्या छतावरचा साग

फणसाडच्या जंगलात शिरण्याआधी आमच्या वाटाड्याने एकच अट घातली. मोबाइल खिशात ठेवायचा. “फोटो काढून झाड कळत नाही. आधी हात लावा,” ते म्हणाले.

नोव्हेंबर महिना होता. मुरूड तालुक्यातल्या सुपेगावातून आम्ही चौदा जण सकाळी सातला निघालो. झाडे ओळखायला शिकवणारी ही फेरी मुंबईच्या एका निसर्गप्रेमी गटाने आखली होती. गटात शाळामास्तर होते, बँकेतून निवृत्त झालेले दोघे होते, वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या दोन मुली होत्या. वाटाड्या मात्र इथलाच, जवळच्या कातकरी वाडीवरचा. वय साठीच्या पुढचे. सगळे त्यांना काका म्हणत होते, मीही म्हणू लागलो.

ओळखपरेडीत मी सांगितले की मी याच किनाऱ्यावरचा, कोकणी मुसलमान, आणि इतिहासावर लिहितो. चौल, दाभोळ, जंजिरा या बंदरांवर मी बरेच लिहिले आहे. कुठल्या साली कोणते गलबत कुठे लागले, हे मला सांगता येते. पण त्या सकाळी पहिल्या अर्ध्या तासातच माझी लाज निघाली. मला आंबा, फणस, नारळ, सुपारी, चिंच आणि जांभूळ ओळखता येत होते. म्हणजे ज्याचे काही खाता येते तेवढेच. बाकी सगळे माझ्या लेखी नुसते ‘झाड’ होते.

काकांची शिकवण्याची रीत सोपी होती. आधी साल बघायची, मग पान, मग बुंध्याशी काय पडले आहे ते. वर बघायचे ते सगळ्यात शेवटी. त्यांनी आम्हाला एका काळपट, उभ्या-आडव्या भेगांनी चिरलेल्या खोडाशी नेले आणि तळवा टेकवायला लावला. मगरीच्या पाठीसारखी साल. हा ऐन. त्याचे पान उलटे केले की देठाजवळ दोन बारीक गाठी लागतात. त्याच्या सुक्या फळाला पाच पंख असतात. थोडे पुढे गेल्यावर लांबून तांबूस मोहोर आल्यासारखे एक झाड दिसले. मी उत्साहाने म्हणालो, ऐन! काका हसले. “ह्यो किंजळ. ऐनाचा भाऊच, पण फळाला एकच मोठा पंख. अन् मोहोर नाही तो, फळंच आहेत.” पुढच्या तासाभरात मी कुंभ्याला पळस म्हणालो आणि अंजनीला जांभूळ. काट्याकाट्यांच्या खोडाची सावर तेवढी बरोबर ओळखली. झाडाझाडांवरून दोरखंडासारखी गेलेली गारंबीची वेल मात्र मी न विचारताच ओळखली. तिच्या हातभर शेंगेतली चपटी तपकिरी बी आमच्या नानीच्या लाकडी पेटीत असायची. ती सहाणेवर उगाळून अंगदुखीवर लावायची. बी मला माहीत होती, वेल मी पहिल्यांदा पाहत होतो.

लाल झालेला तळवा

वाटेच्या कडेला एक तोडलेला खुंट होता. त्याला बाजूने नवे फुटवे आले होते. काकांनी एक कोवळे पान तोडले, माझ्या तळव्यावर ठेवले आणि म्हणाले, चुरगाळा. खरखरीत पान होते ते. चोळल्याबरोबर तळवा लाल झाला, मेंदी लावल्यासारखा. “साग,” काका म्हणाले. “कोवळ्या पानावर फसायचं काम नाही.”

त्या लाल तळव्याकडे बघताना मला मदिना आठवली. हे ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून सविस्तर सांगतो.

प्रेषित मुहंमद (स.) यांनी मदिनेत बांधलेली मशीद अगदी साधी होती. भिंती कच्च्या विटांच्या, खांब खजुराच्या खोडांचे, छत खजुराच्या झावळ्यांचे. प्रेषित (स.) खुतबा देताना खजुराच्या एका खोडाला टेकत असत. पुढे त्यांच्यासाठी लाकडी मिंबर केले गेले तेव्हा ते खोड विरहाने रडले, अशी हदीस आहे. आपल्यापैकी अनेकांनी ती लहानपणी मदरशात ऐकली असेल. हजरत उमर (रजि.) यांनी मशीद वाढवली, पण साहित्य तेच ठेवले. बदल केला तो तिसरे खलिफा हजरत उस्मान (रजि.) यांनी. हिजरी सन २९ मध्ये, म्हणजे इ.स. ६४९-५० च्या सुमारास, त्यांनी मशिदीच्या भिंती आणि खांब कोरीव दगडाचे केले आणि छत ‘साज’ लाकडाचे घातले. हे सहीह बुखारीत नोंदलेले आहे.

अरबी भाषेतला ‘साज’ म्हणजे आपला साग. शब्दही इकडून तिकडे गेलेला आहे आणि लाकूडही. अरबस्तानात साग उगवत नाही. सागाची नैसर्गिक जंगले आहेत ती भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस या देशांत. म्हणजे मस्जिद-ए-नबवीवर चढलेले ते लाकूड समुद्र ओलांडून गेले होते. प्रेषितांच्या वफातीला तेव्हा पुरती वीस वर्षेही झाली नव्हती.

यात नवल वाटण्यासारखे फारसे नाही. अरबी समुद्रातला व्यापार इस्लामच्या आधीपासून चालत आला होता. अरब आणि इराणी खलाशांची जहाजे लोखंडी खिळे न ठोकता काथ्याच्या दोरीने शिवलेली असत. फळ्या बऱ्याचदा सागाच्या. साग आणि काथ्या दोन्ही भारताच्या किनाऱ्यावर मिळत. दहाव्या शतकातला भूगोलकार इस्तखरी इराणच्या किनाऱ्यावरील सिराफ बंदराचे वर्णन करतो. तिथली घरे साग आणि आफ्रिकेतून, झंजांच्या देशातून, आलेल्या लाकडाची होती असे तो सांगतो. आजूबाजूला उघडे डोंगर आणि मध्ये परक्या जंगलांतून आणलेल्या लाकडांच्या माड्या, असे ते शहर होते.

ट्युनिशियातल्या कैरवानच्या मोठ्या मशिदीतले मिंबर तर आजही उभे आहे. नवव्या शतकाच्या मध्यात, सुमारे ८६२-६३ मध्ये, अगलबी अमीर अबू इब्राहिम अहमद याच्या काळात ते घडवले गेले. जगात टिकून राहिलेले हे सर्वात जुने मिंबर मानले जाते. त्याला सुमारे ३०० कोरीव फळ्या आहेत आणि लाकूड आहे भारतातून गेलेला साग. हा साग आधी बगदादहून ऊद नावाची तंतुवाद्ये बनवण्यासाठी आणला होता आणि अमिराने त्याचे मिंबर करून घेतले, अशी तिथली जुनी आठवण आहे.

आता नकाशावर फणसाडपासून बोट थोडे उत्तरेकडे सरकवा. चौल लागेल. अरबांनी त्याला ‘सैमूर’ म्हटले. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, बगदादचा इतिहासकार अल-मसूदी तिथे आला होता. ‘मुरूज अज-जहब’ या त्याच्या ग्रंथात त्याने लिहिले आहे की सैमूरमध्ये सुमारे १०,००० मुसलमान राहतात. कोणी सिराफचे, कोणी ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. आणि इथेच जन्मलेले ते ‘बयासिरा’. राज्य बल्हराचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे होते. त्यांच्या हाताखाली इथला कारभार शिलाहारांकडे होता. मुसलमानांच्या आपसातल्या बाबी बघायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमला होता.

ही वस्ती तलवारीने वसलेली नव्हती. दिल्लीत पहिला सुलतान तख्तावर बसायला अजून जवळपास तीनशे वर्षे होती. कोकणातल्या मुसलमानांचा इतिहास सांगताना मी चौलचा हा दाखला कितीतरी वेळा दिला आहे. पण सिराफच्या माणसाला चौलच्या मागच्या डोंगरात काय दिसत असेल, हा विचार मी कधी केला नव्हता. त्याला घर दिसत असणार. त्याच्या गावी ज्या लाकडाच्या माड्या होत्या, ते लाकूड इथे पान फुटलेले उभे होते.

एकाच सागाची दोन आरमारे

दुपारी एका पाणवठ्याशी आम्ही डबे सोडले. फणसाडमध्ये अशा पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. सरकारी फलकावर जंगलाचा थोडक्यात इतिहास असतो. जंजिरा संस्थानच्या सिद्दी नवाबांचे हे शिकारीचे राखीव रान होते. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि १९८६ मध्ये हे अभयारण्य झाले. मुंबईपासून इतक्या जवळ, ५० चौरस किलोमीटरांहून मोठे जंगल शिल्लक राहिले त्याचे एक कारण ही नवाबी राखण आहे. आमच्या समाजातली मंडळी हे अभिमानाने सांगतात. मीही सांगत आलो.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले हबशी. निजामशाहीच्या चाकरीतून पुढे आले, जंजिऱ्याचे धनी झाले आणि औरंगजेबाच्या काळात मोगलांचे आरमार त्यांच्या हाती आले. आरमार म्हणजे आधी जंगल. डोलकाठी, पठाण, फळ्या, सगळे डोंगरातून येते. त्याच डोंगररांगांतल्या लाकडावर शिवाजी महाराजांचे आरमारही उभे राहिले. जंजिऱ्यासमोर पद्मदुर्ग बांधला गेला. सिद्दीशी लढणाऱ्या मराठा आरमाराच्या सरदारांत दौलतखान होता. समोरासमोर ठाकलेल्या दोन्ही बाजूंना मुसलमान होते आणि दोन्ही बाजूंच्या जहाजांत साग होता. हा इतिहास हिंदू-मुसलमान अशा दोन रकान्यांत बसत नाही.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड कसे तोडावे याचा एक उतारा आहे. सागासारखी झाडे परवानगी घेऊन तोडावीत. आंबा-फणसाला मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती पोरांसारखी वाढवलेली असतात, असा त्याचा आशय. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा हा मजकूर आजही वाचताना थांबायला होते. झाड कोणाचे, या प्रश्नाला त्यात उत्तर आहे. ज्याने वाढवले त्याचे.

मी हे सगळे जेवताना सांगत होतो. गटातले लोक मन लावून ऐकत होते. काका भाकरी खात होते. माझे संपल्यावर ते उठले आणि मागच्या एका काटेरी झाडाकडे गेले. “आता ह्ये बघा. खैर. ह्याचा काथ काढायचे आमचे वाडवडील. म्हणून कातकरी.”

एवढेच बोलून ते हात धुवायला गेले. मी मात्र तिथेच बसून राहिलो. ज्यांच्या जमातीच्या नावातच झाड आहे, त्यांना मी झाडांचा इतिहास सांगत होतो. खैराचे तुकडे उकळून काथ पाडणे हा कातकऱ्यांचा धंदा. नवाबाच्या राखीव रानात शिकारीचा हक्क नवाबाचा होता. शेजारच्या इंग्रजी मुलखात १८७८ चा जंगल कायदा आला आणि सरकारी जंगलात कुऱ्हाड नेणे गुन्हा झाला. धंदा गेला. माणसे कोळसाभट्ट्यांवर आणि पुढे वीटभट्ट्यांवर गेली. आज महाराष्ट्रातल्या विशेष दुर्बल आदिवासी गटांत कातकरींची गणना होते. फलकावर नवाबाचे नाव आहे. खैर ओळखणाऱ्यांचे नाही. जंगल राखले गेले हे खरे, पण कोणाला बाहेर ठेवून, हेही आपण विचारायला हवे. नवाब आपला म्हणून हा प्रश्न सोडून देता येत नाही.

बाहेरची झाडे

परतीच्या वाटेवर निलगिरीची लागवड लागली. सरळसोट, पांढरट खोडे. खाली फारसे काही उगवलेले नव्हते. गटाच्या संयोजक बाईंनी देशी आणि विदेशी झाडांतला फरक समजावला. निलगिरी ऑस्ट्रेलियाची, गावोगाव कुंपणाला लावलेली गिरिपुष्प मध्य अमेरिकेची. इथल्या पाखरांना, किड्यांना त्यांचा उपयोग कमी. बोलणे शास्त्राला धरून होते.

तेवढ्यात निवृत्तांपैकी एक गृहस्थ म्हणाले, “शेवटी बाहेरून आलेले ते बाहेरचेच.” दोघे-तिघे हसले. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली आणि ते घाईने म्हणाले, “म्हणजे झाडांबद्दल बोलतोय हं मी.”

ते सकाळपासून माझ्याशी चांगले वागत होते. डब्यातली पुरणपोळी त्यांनीच मला दिली होती. मूळ वाक्य मी विसरूनही गेलो असतो. पण ते शेवटचे ‘हं’ बोचले.

मी काही बोललो नाही. काकांना विचारले, “या जंगलात गोरखचिंच आहे का?”

“रानात नसते ती,” काका म्हणाले. “माणसांजवळ असते. किल्ल्यापाशी, दर्ग्यापाशी, मठापाशी.”

खरे आहे. गोरखचिंच मूळची आफ्रिकेची. मांडूला तिची ढोली झाडे आहेत आणि तिचे फळ ‘मांडू की इमली’ म्हणून विकले जाते. गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यात एक अवाढव्य झाड आहे, त्याला ‘हत्तियाँ का झाड’ म्हणतात. विजापुरात आहेत, सावनूरला आहेत. जिथे हबशी सरदार, सैनिक आणि खलाशी पोचले, त्या मुलखांत ती प्रामुख्याने दिसते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसले की ही झाडे आफ्रिकेतून एकदाच नव्हे, वेगवेगळ्या वेळी अनेकदा इथे आली. आपण मात्र तिला गोरखनाथांचे नाव दिले. उत्तरेत तिला खुरासानी इमली म्हणतात. गोरखनाथ आफ्रिकेचे नव्हते आणि खुरासानही आफ्रिकेत नाही. ज्याच्या सावलीत लोकांना ती भेटली त्याचे नाव तिला चिकटले.

आपली साधी चिंचही तशीच. अरबांनी तिला ‘तमर-ए-हिंदी’ म्हटले, हिंदचा खजूर. त्यावरून युरोपात टॅमरिंड झाले आणि शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ आले. झाडाचे मूळ घर मात्र आफ्रिकाच. हजारो वर्षांपूर्वी ती इथे रुजली. आज चिंच घातल्याशिवाय आमटी होत नाही, आणि आमच्याकडे चिंचेशिवाय माशाचे कालवण होत नाही.

हे सगळे त्या गृहस्थांना सुनवायचे माझ्या जिभेवर आले होते. पण मग एक गोष्ट लक्षात आली. झाडांवरून माणसांबद्दल निष्कर्ष काढू नयेत, असे मला त्यांना सांगायचे होते. आणि मी स्वतः तेच करत होतो, फक्त उलट दिशेने. निलगिरीबद्दल संयोजक बाई बरोबर बोलत होत्या. कोणते झाड कुठे लावावे हा पाण्याचा, मातीचा, पाखरांचा प्रश्न आहे. माझ्या नागरिकत्वाशी त्याचा काही संबंध नाही. चिंच आफ्रिकेची आहे म्हणून मी इथला ठरत नाही, आणि निलगिरी परदेशी आहे म्हणून मी परका ठरत नाही. मी इथला आहे कारण माझ्या बारा पिढ्या याच खाडीच्या काठावर पुरल्या आहेत.

त्या दिवशी मला खरे टोचले ते वेगळेच. या मातीवर हक्क सांगणारे पुरावे माझ्याकडे कपाटभर आहेत आणि त्या मातीत उगवलेल्या दहा झाडांची नावे माझ्याकडे नाहीत. काकांकडे कपाट नव्हते. आमच्या घरातली मुले अजवा आणि मबरूम खजूर चवीवरून ओळखतात. निम्मे गाव आखातात नोकरीला, रमजानमध्ये डबे येतात. त्यात वाईट काही नाही. पण किंजळ दाखवला तर त्यांच्यातले एकही मूल ओळखणार नाही. मी तरी कुठे ओळखला होता?

आमच्या गावची मशीद

फणसाडहून मी सरळ गावी गेलो, कारण रविवारी जमातची बैठक होती. विषय एकच होता. जुनी मशीद उतरवून नवी बांधायची.

कोकणातल्या जुन्या मशिदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना वेगळे सांगायला नको. उतरते कौलारू छप्पर, लाकडी खांब, बाजूला हौद. घुमट नाही, उंच मिनार नाही. लांबून एखादे मोठे घर वाटावे. धो धो पाऊस पडणाऱ्या मुलखात माणसे जशी घरे बांधतात तसेच त्यांनी अल्लाहचे घर बांधले. गेल्या तीस-चाळीस वर्षांत अशा कितीतरी मशिदी उतरल्या. त्यांच्या जागी सिमेंटचे स्लॅब आणि हिरवे-पांढरे घुमट आले. आमच्याही आराखड्यात हिरवा घुमट होता. आखातातून पैसे देणाऱ्या मुलांची इच्छा होती की मशीद ‘मदिनेसारखी’ दिसावी.

बैठकीच्या आधी मी गावच्या सुतारकाकांना मशिदीत बोलावून आणले. जंगलात मी साल आणि पान बघायला शिकलो होतो. इथे दोन्ही नव्हते. खांबांवर तैलरंगाचे पाच-सहा थर होते. सुतारकाकांनी पायाशी पटाशीने रंग खरवडला, बारीक ढलपी काढली, वास घेतला. “खांब सागाचे. तुळया पण सागाच्या. वासे ऐनाचे, हे चार मागाहून घातलेले किंजळाचे. आणि मेहराबजवळची ही चौकट फणसाची, पिवळी बघा.” मग वर बघत म्हणाले, “आमच्या आजोबांनी चढवलंय हे आढं. घरात सांगायचे.”

बैठकीत मी मस्जिद-ए-नबवीच्या सागाची गोष्ट सांगितली. म्हटले, मदिनेसारखी मशीद हवी असेल तर ती आपल्याकडे आहे. हजरत उस्मान (रजि.) यांनी ज्या लाकडाचे छत घातले त्याच लाकडाखाली आपण शंभर वर्षे नमाज पढतो आहोत. ते उतरवून आपण मदिनेची नक्कल करायला निघालो आहोत.

सगळे गप्प झाले. मला वाटले, जिंकलो. मग आमचे मुतवल्ली चाचा शांतपणे म्हणाले, “बेटा, उस्मान रजि. यांनी पण जुनी मशीद पाडूनच सागाचं छत घातलं ना? खजुराची खोडं तर प्रेषितांच्या वेळची होती. लोक तेव्हाही बोललेच असतील.”

ते बरोबर होते. लोक तेव्हाही बोलले होते. मशिदीच्या नव्या बांधकामावर मदिनेत नाराजी होती आणि हजरत उस्मान (रजि.) यांना उत्तर द्यावे लागले होते, हेही हदीसमध्येच आहे. मशीद वाढते, कारण माणसे वाढतात. आमच्याकडे जुम्म्याला अर्धी जमात उन्हात उभी राहते. पावसात दोन ठिकाणी गळते. एका वाशाला वाळवी लागली आहे. चाचांना काय उत्तर द्यावे, मला सुचले नाही.

उत्तर दिले ते कोपऱ्यात बसलेल्या सुतारकाकांनी, आणि तेही लाकडाबद्दलच. ते म्हणाले, वाळवी एकाच वाशाला आहे, तो बदलता येईल. कौले चाळली तर गळती थांबेल. सागाच्या खांबांना अजून काही झालेले नाही. पुढे जागा वाढवायची तर वाढवा, पण हे उतरवलेत तर पुन्हा इतका जाड साग कुठून आणणार?

बराच वेळ चर्चा झाली. शेवटी ठरले ते असे. पुढच्या अंगणात वाढीव बांधकाम करायचे, तिथे स्लॅब घालायचा. जुन्या दालनाचे काय करायचे ते पावसाळ्यानंतर बघू. हिरव्या घुमटाचा आग्रह कोणी सोडलेला नाही. चाचांनी मला निघताना सांगितले की आखातातल्या मुलांना तूच समजाव. मी फोनवर प्रयत्न करतो आहे. काहींना पटते, काहींना वाटते की मी जुन्या लाकडाच्या प्रेमात पडलो आहे.

जमातच्या वहीत मशिदीच्या मालमत्तेची यादी आहे. इमारतीच्या रकान्यात ‘जुने लाकूड’ एवढेच दोन शब्द होते आणि समोर लिलावाची अंदाजे रक्कम. त्या रात्री चाचांच्या परवानगीने मी ती नोंद बदलली. साग, खांब १२. साग, तुळया ६. ऐन, वासे. किंजळ, वासे ४. फणस, चौकट १. खाली सुतारकाकांच्या आजोबांचे नाव लिहिले.

ऐनाच्या वाशांची संख्या मोकळी सोडली आहे, कारण त्या रात्री वीज गेली होती. पुढच्या जुम्म्याला वाडीतल्या चार पोरांना घेऊन जाणार आहे. ते मोजतील. तोवर मी त्यांना मशिदीमागच्या टेकडीवर नेऊन ऐन दाखवायचा म्हणतो. मगरीच्या पाठीसारखी साल, पानाखाली दोन गाठी.